अंगावरून उतरलेलं
(युवक अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापत आहोत.)



मी गोदीत काम करतो. कंत्राटावर. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘सांस्कृतिक गुलामगिरी’ असा जाडजूड विषय छापलाय. तो मी जुन्या कपड्यांवरून सांगणार आहे. त्याला कारण आहे. थंडीच्या तोंडावर एका धर्मादाय मंडळींनी आपल्या वस्तीला निरोप धाडलाय, की तीन टेम्पो जुने कपडे आहेत, बुद्धविहारासमोर वाटप करू, लोकांना रांगेत उभं करा, स्टेज बांधा, बॅनर आमचा आम्ही आणू. यावर आपल्या शाखेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, पेटवून द्या टेम्पो. दुसरा म्हणतो, ज्याच्या पोराला स्वेटर नाही त्याला जाऊन विचार, मग पेटव. दोघंही आपलेच. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून जरा मुळात जाऊ.

जुना कपडा म्हणजे काय? कापडाला जात नसते. कापसाच्या बोंडाला जात नसते. मग ते कापड एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाताना त्याला जात कुठून चिकटते? हा प्रश्न आहे.

मनूनं हे लिहूनच ठेवलंय. दहाव्या अध्यायात. चांडाळानं गावाबाहेर राहावं, मेलेल्यांची वस्त्रं घालावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिना घालायचा तर लोखंडाचा. आणि त्याच अध्यायात पुढं शूद्र चाकरासाठी सोय लावलीय: उष्टं अन्न, जीर्ण वस्त्रं, कोंडा, जुनं सामानसुमान. बघा, किती बारीक हिशेब आहे. अन्न, वस्त्र, भांडं, दागिना, अंथरूण. माणसाला लागतं ते सगळं, पण प्रत्येक वस्तू दुसऱ्याची वापरून झालेली. नवं काहीच नाही. जन्मभर नवी वस्तू हाताला लागणार नाही अशी व्यवस्था.

कोण म्हणेल, मनू पोथीत होता, गावात कोण वाचत होतं? गावाला पोथी वाचायची गरजच नव्हती. गाव ती पोथी जगत होता. माझी आजी सातारकडची. ती सांगायची, “मढं सरणावर ठिवायच्या आदी वरलं कापड आपल्या मानसाला मिळायचं. आपला हक् हुता त्यो. वल्लं आसलं तर वाळवायचं, धुवायचं, न्येसायचं.” हक्क! ऐका हा शब्द. बलुत्यात महाराचे बावन्न हक्क सांगतात. त्यातला हा एक. सांगावा घेऊन पायपीट करायची, सरणाला लाकडं न्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्या बदल्यात मढ्यावरचं कापड. मजुरी नाही. पगार नाही. हक्क. ज्या हक्कासाठी दुसऱ्याच्या मरणाची वाट बघावी लागते तो कसला हक्क? जी व्यवस्था माणसाच्या अपमानालाच त्याची मालमत्ता बनवते आणि त्या मालमत्तेसाठी भावाभावांना भांडायला लावते, तिची हुशारी ओळखा. आजी म्हणायची, कापडाच्या वाटणीवरून आपल्यातच डोकी फुटायची.

आता याची दुसरी बाजू बघा. कारण नुसतं जुनं घाला एवढ्यावर गाव थांबत नव्हतं. नवं घालू नका, हा नियम त्याच्याच पाठीला पाठ लावून उभा होता. आपल्या बायांनी लुगडं गुडघ्याच्या वर नेसायचं. लुगड्याला काठ असला तर तो निऱ्यांत लपवायचा, दिसता कामा नये. पायात, दंडात कथलाचे, पितळेचे अवजड दागिने घालायचे, म्हणजे लांबनंच कळावं कोण चाललीय. पेशवाईत पुण्यात तर गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. तोही वेषच की! मडकं हा आपला दागिना होता आणि झाडू हा आपला पदर होता.

१९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात इंदूर भागातल्या बलाई लोकांची बातमी आली होती. तिथल्या सवर्णांनी बलायांना हुकूम काढला. जरीकाठी पागोटी घालायची नाहीत. रंगीत किंवा नक्षीच्या काठाची धोतरं नेसायची नाहीत. बायांनी सोनं-चांदी घालायचं नाही, चांगली लुगडी-चोळ्या घालायच्या नाहीत. आणि नियम मोडाल तर गाव सोडा. बलायांनी ऐकलं नाही. त्यांच्या विहिरी बंद झाल्या, गुरं चारायची बंद झाली, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरं सोडून शेजारच्या संस्थानांत पळावं लागलं. १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावात आपल्या बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला लागल्या, तर त्यांच्यावर हल्ला झाला. ही दोन्ही प्रकरणं बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, आणि आयोजकांच्या पोटात गोळा आल्यामुळं कधी न झालेल्या भाषणात घातली आहेत. काठ. जर. तांब्याची कळशी. एवढ्याशा वस्तू. पण त्या नव्या होत्या, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या होत्या. म्हणून गावाचं पित्त खवळलं.

म्हणजे मित्रांनो, जुनं देणं आणि नवं नाकारणं ही दोन कामं नाहीत. एकाच कात्रीची ती दोन पाती आहेत. जो दयाळू हात तुम्हाला फाटका सदरा देतो, तोच हात तुमच्या पोरानं इस्त्रीचा सदरा घातला की मुठीत वळतो. माणूस तोच, दया तीच. हे ज्याला कळलं त्याला जात कळली.

बाबासाहेबांना हे कळलं होतं म्हणून त्यांनी लढाई कापडापासून सुरू केली. आपण १९२७ म्हटलं की चवदार तळं सांगतो, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली ते सांगतो. बरोबर आहे. पण त्याच डिसेंबरात महाडला जमलेल्या बायांपुढं बाबासाहेब वेगळं बोलले, ते पोरांना माहीत नसतं. ते म्हणाले ते माझ्या शब्दांत सांगतो: तुमच्या नेसण्यावरून जात ओळखू येते, ते नेसणं टाका. लुगडं सवर्ण बाया नेसतात तसं नेसा. गळ्यातलं, हातातलं कथील-पितळेचं ओझं उतरवा. कपडा फाटका असेल तर असू दे, पण स्वच्छ असू दे. आणि बायांनी ते ऐकलं. पुरुष पाण्यासाठी लढत होते आणि बाया आपल्या अंगावरचा गावाचा शिक्का पुसत होत्या. मला विचाराल तर ही महाडची दुसरी लढाई. आपल्या इतिहासात तिला दोन ओळी मिळतात, तिच्यावर पुस्तकं लिहायला पाहिजेत.

नीट बघा, बाबासाहेबांनी फाटक्या कपड्याला नाव ठेवलं नाही. त्यांनी ओळखीचा शिक्का टाकायला सांगितला. फाटका कपडा ही गरिबी. शिक्का ही गुलामी. या दोघांत गल्लत करायची नाही.

पुढं वतनाविरुद्धची लढाई झाली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल आणलं. वतन सुटावं म्हणून आयुष्यभर झगडले. कायद्यानं ती कनिष्ठ वतनं गेली ती त्यांच्या पश्चात, १९५८ च्या कायद्यानं. पण त्याच्या आधीच, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. ते कापड मढ्यावरचं नव्हतं. कुणी रोजगार मोडून घेतलं, कुणी भांडं गहाण टाकून घेतलं, पण ते स्वतःचं होतं. ज्यांच्या वाट्याला पांढरं कापड म्हणजे कफन एवढंच आलं होतं, त्यांनी त्याच रंगात नवा जन्म घेतला.

आता मुंबईचं सांगतो. कारण आपण मुंबईकर, आपल्याला वाटतं हे सगळं गावाकडचं. मुंबई म्हणजे कापडाचं शहर होतं. गिरणगाव. आपले आजे-पणजे गिरणीत होते. पण कुठल्या खात्यात? आपल्या माणसांना विणकाम खात्यात, म्हणजे जिथं पगार बरा तिथं, घेत नव्हते. का? तर धागा तुटला की तो थुंकीनं ओला करून जोडायचा, तोंड लावायचं, मग सवर्ण कामगाराला विटाळ होणार! मालकाच्या नफ्याला विटाळ होत नव्हता, कामगाराच्या थुंकीला होत होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला, तेव्हा कुठं त्यांनी नाखुशीनं तो मागण्यांत घेतला. लाल बावट्याच्या मित्रांनी हे विसरू नये. आम्ही तुमच्या मोर्चात असतो, पण आम्हाला सगळं आठवतं. सांगायचं काय, तर नवं कापड विणायचं नाही, नवं कापड घालायचं नाही, आणि ते कापड दुसऱ्याच्या अंगावर झिजलं की आपल्या अंगावर यायचं. कापडाच्या सगळ्या जन्मात आपली जागा शेवटी.

आता कोणी म्हणेल, हे जुनं झालं. जुनं झालं? मग कायदा काय म्हणतो ते ऐका. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, २०१६ च्या २६ जानेवारीपासून ती लागू आहे. तिच्यात गुन्ह्यांची यादी वाढवली. त्या यादीत हेही आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल, मोटारसायकल चालवायला, पायात वहाण घालायला, नवे कपडे घालायला अडवणं हा गुन्हा. नवे कपडे! देश चंद्रावर गेला आणि देशाच्या कायद्याला एकविसाव्या शतकात लिहावं लागलं की बाबांनो, यांना नवे कपडे घालू द्या. कायदा उगाच लिहिला जात नाही. घडतं म्हणून लिहिला जातो. आणि लिहिल्यावरही घडतं. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात आपल्या एका तरुणाला मारहाण झाली. चांगले कपडे घातले आणि डोळ्याला गॉगल लावला, हे कारण. १९२८ चं जरीचं पागोटं आणि २०२३ चा गॉगल. पंचाण्णव वर्षं गेली, गुन्हा तोच.

आणि आपल्या शहरात? शहरात कुणी मारत नाही. शहरात देतात. भगिनींनो, तुमच्यातल्या किती जणींच्या आया सोसायट्यांत धुणीभांडी करतात? माझीही करायची. दिवाळी आली की बाईसाहेब कपाट आवरतात. तीन साड्या, एक ब्लाउज न मावणारा, साहेबांची पँट, पोराचा तुटक्या चाकाचा खेळ, पिशवीत भरतात आणि म्हणतात, “घेऊन जा गं, अजून चांगल्या आहेत.” आणि बोनस? बोनसचा विषय त्या पिशवीत गडप होतो.

आता मी तुम्हाला एक साधा हिशेब सांगतो, तो घरी जाऊन आयांना सांगा. त्याच सोसायटीत बोहारीण येते. डोक्यावर स्टीलची भांडी. बाईसाहेब तिच्यासमोर जुन्या साड्या मांडतात आणि तासभर घासाघीस करतात: एवढ्या साड्यांत डबाच देतेस? पातेलं दे. जर बघ की! साडी उलटीसुलटी करून दाखवतात. म्हणजे जुन्या साडीला किंमत आहे, हे बाईसाहेबांना पक्कं ठाऊक आहे. बोहारणीपुढं ती साडी माल असते. मोलकरणीपुढं तीच साडी उपकार होते. का? कारण बोहारीण भांडं देते आणि चालती होते. मोलकरणीनं मात्र मान खाली घालायची असते, पगारवाढ मागायची नसते, सुट्टी मागायची नसते. ती साडी फुकट नाही. त्या साडीत मान गुंडाळून दिलेली असते. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला, पण तो सोसायटीच्या लिफ्टमधून वर जात नाही. कारण वर जुनी साडी आधीच पोचलेली असते.

आणि आम्ही गोदीवाले काय वेगळे? गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९८६ साली स्वतंत्र कायदा झाला. एका कंत्राटदाराकडं मी लागलो तेव्हा मुकादमानं मला बूट दिले ते माझ्या आधीच्या माणसाचे. तो काम सोडून गेला, बूट मागं राहिले. माझा पाय सात नंबर, बूट नऊ नंबर. आत कागद कोंबून चाललो. हेल्मेटच्या पट्ट्याला दुसऱ्याच्या घामाचा वास. नवे मागितले तर मुकादम म्हणाला, “तू तरी किती दिवस टिकणार?” या एका वाक्यात कंत्राटी पद्धतीचं सगळं अर्थशास्त्र आहे. कामगार बदलायचा, बूट तोच ठेवायचा. बुटाची किंमत वहीत असते, पायाची नसते.

गोदीत काम करताना अजून एक बघितलं. कधीमधी एखादी लोखंडी पेटी उघडते आणि आत गाठी असतात, पट्ट्यांनी आवळलेल्या, जुन्या लोकरी कपड्यांच्या. थंड देशातल्या श्रीमंतांनी टाकलेले स्वेटर, कोट, गळपट्टे. त्यातला कपडा आधीच कापलेला असतो. कारण आपल्या सरकारचा नियम आहे, अंगात घालण्याजोगा जुना कपडा आणायला परवाना लागतो; चिंधी म्हणून आणायचा तर तो आधी फाडून, कापून निकामी केलेला पाहिजे. एकदा एका लहान कोटाच्या कॉलरला आतून शिवलेली नावाची पट्टी बघितली. कुठल्या तरी शाळेतलं पोर असेल. पाठीवर मधोमध कात्री चालवलेली.

या चिंध्या जातात पानिपतला. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ शिकवलंय. आजचं पानिपत जगातल्या लोकरी चिंध्यांचं मोठं ठिकाण आहे. तिथं बाया जमिनीवर बसून पात्यांनी बटणं, चेनी, अस्तर काढतात. रंगावार ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो. मग यंत्रात घालून त्याचा पिंजून कापूस करतात, सूत काढतात आणि स्वस्तातली कांबळी विणतात. ही युक्ती १८१३ साली इंग्लंडात यॉर्कशायरच्या बॅटली गावात निघाली. त्या मालाचं नाव शॉडी. पुढं इंग्रजीत शॉडी म्हणजे हलकं, बोगस असाच अर्थ झाला. आणि ही कांबळी जातात कुठं? भूकंप झाला, पूर आला, थंडीची लाट आली की वाटपात. म्हणजे साहेबाच्या पोराचा कोट हिंडत फिरत, फाटत, पिंजत, आपल्या पूरग्रस्त पोराच्या अंगावर येतो. मनूला वाटलं होतं आपलं शास्त्र गावापुरतं. भांडवलशाहीनं त्याला जहाजात बसवून जगभर नेलं.

आणि जगातलं दुसरं टोक ऐका. आफ्रिकेत घाना देशात अक्रा शहरात कांटामांटो नावाचा जुन्या कपड्यांचा अफाट बाजार आहे. गोऱ्या देशांतल्या टाकलेल्या कपड्यांच्या गाठी तिथं फुटतात. २०२५ च्या जानेवारीत त्याला मोठी आग लागली होती. तिथले लोक या कपड्यांना आपल्या भाषेत म्हणतात: मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. पहिल्यांदा त्या गाठी आल्या तेव्हा त्यांना वाटलं असणार, इतका धड कपडा जिवंत माणूस कसा टाकेल? मालक मेला असणार! मी हे वाचलं आणि मला आजीचं मढ्यावरचं लुगडं आठवलं. काळ्या माणसाला कुणी मनुस्मृती वाचून दाखवली नव्हती. तरी मढ्याचा कपडा त्याच्याच दारात गेला. शोषितांची नाती अशी कापडातनं जुळतात.

एवढं सगळं बोललो. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं अंगाला लावायचंच नाही. तसं मी म्हणत नाही. थांबा.

आपल्या घरात जुनं नाही का? थोरल्याचा शर्ट धाकट्याला. आईच्या लुगड्याला दंड घालायचा, दंड फाटला की त्याची वाकळ. त्या वाकळीत आजीचं लुगडं, बापाची लुंगी, मेलेल्या मावशीचं परकर-पोलकं, सगळं टाक्या-टाक्यानं एकत्र. त्या वाकळीखाली झोपताना कुणाची मान खाली गेली का? नाही. कारण तिथं देणारा वर आणि घेणारा खाली नसतो. आज मी दिलं, उद्या तू देशील. हे देणं बरोबरीतलं आहे. माझी दहावीची पुस्तकं माझ्या आधी तिघांनी वापरलेली होती. कुणीतरी समासात पेन्सिलनं उत्तरं लिहून ठेवली होती, त्यातली काही चुकीचीच होती! पण त्या पुस्तकांचा मला अभिमान आहे. वस्तीतल्या वस्तीत हातोहात आलेली विद्या ती.

फक्त घरातही एक गोष्ट तपासा. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, आणि धाकट्याचा उरला की बहिणीला. पोराला दिवाळीला नवं, पोरीला ‘पुढच्या वर्षी बघू’. आईला तर नवं कधी घेतलं ते आठवतच नाही. मनूची ती उतरंड आपल्या घरात खुंटीला टांगलेली आहे. आणि सफाईचं काम करणाऱ्या आपल्याहून खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईला आपणही पिशवी भरून जुनं देतो की नाही? देताना आपला आवाज कसा होतो, तो ऐका. वरच्याकडून घेतलेला अपमान खाली सरकवला की हलका होत नाही, दुप्पट होतो.

कुणी धम्मातला दाखला देईल. देईलच, आपल्यात अभ्यासू पोरं आहेत. म्हणेल, तथागतांचे भिक्खू तर स्मशानातल्या, उकिरड्यावरच्या चिंध्या वेचून चीवर करायचे. पांसुकूल म्हणतात त्याला. मग मढ्यावरच्या कापडाची एवढी लाज का? बरोबर प्रश्न. उत्तर असं, की ते भिक्खूनं स्वतः निवडलेलं होतं. राजाचा पोर आणि न्हाव्याचा पोर एकाच रांगेत बसून एकसारखं चीवर शिवत होते. कापड धुवायचं, कापायचं, जोडायचं, एका रंगात रंगवायचं. चिंधीचा भूतकाळ तिथं संपायचा. आणि पुढं जीवक वैद्यानं विनंती केल्यावर बुद्धांनी उपासकांनी दिलेलं नवं वस्त्रही घ्यायला परवानगी दिली. म्हणजे जुनं हेच पवित्र, असा हट्ट नव्हता. गांधींनी १९२१ साली मदुराईला पंचा स्वीकारला, तोही स्वतः निवडून; त्यांच्याकडं उतरवायला कपडे होते. आपल्याला कुणी विचारलं होतं का? ज्याच्याकडं निवड आहे त्याचा पंचा म्हणजे त्याग. ज्याच्याकडं निवड नाही त्याची लंगोटी म्हणजे सक्ती. म्हणून बाबासाहेबांचा सूट ही चैन नव्हती. ते आपलं जाहीर उत्तर होतं.

हल्ली एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. इंग्रजी शाळेतली मंडळी म्हणतात, पुनर्वापर करा, पृथ्वी वाचवा, जुनं घाला. चांगलंच आहे. आम्ही हजारो वर्षं पृथ्वी वाचवतोय, आमचा सत्कार करा! पण मग त्यांनी आपली पोरं आमच्या पोरांचे जुने कपडे घालून शाळेत धाडावीत. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होऊ द्या. ज्या दिवशी वस्तीतला धुतलेला शर्ट टॉवरमध्ये चढेल त्या दिवशी मी त्याला पुनर्वापर म्हणेन. तोवर ते वरनं खाली पडणं आहे.

आता मुद्द्याचं. टेम्पोचं काय करायचं? माझं मत सांगतो, ठराव तुम्ही करा.

पेटवायचं नाही. कापूस पिकवताना कुणी तरी आत्महत्या केलेली असते, कापड विणताना कुणाचे तरी फुप्फुस गेलेलं असतं. कामगाराच्या घामाचं कापड आपण जाळायचं नाही. आणि थंडीत कुडकुडणाऱ्या पोराला तत्त्वज्ञान पांघरता येत नाही, हेही खरं.

पण रांग लावायची नाही. स्टेज नाही, बॅनर नाही, फोटो नाही. विहारासमोर तर नाहीच नाही. ज्या दारात आपण ताठ मानेनं जातो तिथं हात पसरायचे नाहीत. त्यांना सांगायचं: कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून, मापाप्रमाणं लावून आमच्या शाखेकडं द्या आणि जा. फाटकं, डागाळलेलं परत जाईल. आमच्या महिला मंडळाच्या बाया ते बघतील, लागेल ते शिवतील आणि ज्याला पाहिजे तो येऊन, निवडून, चार-दोन रुपये टाकून घेऊन जाईल. चार रुपये का असेनात, दाम मोजून घेतलेलं कापड अंगावर वेगळं बसतं. जमा झालेल्या पैशातून दहावीच्या पोरांच्या वह्या. ही अट त्यांना मान्य नसेल तर समजायचं, त्यांना कपडे द्यायचे नव्हते, फोटो घ्यायचे होते. मग टेम्पो आले त्या रस्त्यानं परत.

आणि याच्या पुढचं काम जास्त मोठं आहे. मोलकरणींची बैठक घ्या. एकच ठराव: दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस, जुन्या साड्यांची पिशवी नको. एकटी बोलली तर काम जाईल. सोसायटीतल्या सगळ्या बोलल्या तर भांडी तुंबतील. गोदीत, सफाई खात्यात, गटारीवर जिथं जिथं आपली पोरं कंत्राटावर आहेत तिथं नव्या बुटांचा, नव्या हातमोज्यांचा, मापाच्या गणवेषाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या गणवेषाच्या दोन जोडांसाठी वर्षाला पोरामागं ६०० रुपये धरलेत. ते कापड जूनमध्ये अंगावर येतं का दिवाळीनंतर, ते शाळेत जाऊन विचारा. पोरगं गेल्या वर्षीच्या तोकड्या चड्डीत बसलं की मास्तर त्याला मागच्या बाकावर ढकलतो, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. आणि घरात या वर्षी पहिला नवा कपडा पोरीला, दुसरा आईला. उरलं तर आपल्याला.

मित्रांनो, आम्हाला मखमल नको. आम्हाला जुन्याचा तिटकारा नाही आणि नव्याची हाव नाही. आमचं म्हणणं एवढंच, की आमच्या अंगाचं माप आमच्या अंगावर घ्या. दुसऱ्याच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला धर्म आम्ही घातला, दुसऱ्याच्या मापाची लोकशाही घालून बघितली, दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून गोदीत ओझी वाहिली. पायाला फोड आले, आमचा पाय चुकीचा नव्हता. पुढची पिढी स्वतःच्या मापाचं घालील, आणि लुगड्याचा काठ असा नेसेल की आख्ख्या गावाला दिसेल.

जय भीम.